पाण्याच्या परिषदेत शेवटच्या पन्नास फुटांचंही बोला

माननीय संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी भांडुपला राहतो, अठ्ठावीस वर्षं प्लंबिंगचं काम करतोय, लायसन्स आहे. पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहितोय, मुलीने मोबाईलवर टाईप करायला शिकवलं, तर थोडं इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या, पण विषय सगळ्यांच्या घरातला आहे म्हणून पूर्ण वाचा ही विनंती.

मागच्या महिन्यात गोरेगावला पिण्याच्या पाण्याच्या क्षेत्रातल्या लोकांची दोन दिवसांची विभागीय परिषद झाली. मुंबई ठाणे पुणे नाशिक, शिवाय गुजरात गोव्याकडूनही इंजिनियर लोक आले होते, कन्सल्टंट होते, पाईपवाले, पंपवाले, मीटरवाले, सगळे. ज्यांच्याकडून मी वर्षानुवर्षं पंप घेतो त्या दुकानदाराने मला प्रदर्शनाचा पास दिला. एक दिवसाचं काम बुडवून गेलो, दुसऱ्या दिवशीही गेलो, आणि त्याचं अजिबात वाईट वाटत नाही कारण खूप काही बघायला मिळालं.

आधी चांगलं सांगतो. सुरुवातीच्या भाषणात एका ज्येष्ठ साहेबांनी मुंबईच्या पाण्याचा इतिहास सांगितला, विहार १८६० साली, मग तुळशी १८७९, तानसा १८९२, मोडक सागर १९५७, अप्पर वैतरणा १९७३, नंतर भातसा आणि शेवटी मध्य वैतरणा २०१४. मोडक सागर हे नाव कुठल्या देवाचं किंवा पुढाऱ्याचं नाही, नानासाहेब मोडक या पालिकेच्या इंजिनियरचं आहे, हे हॉलमधल्या बऱ्याच तरुण पोरांना तिथे पहिल्यांदा कळलं. पार इगतपुरीकडून, शंभर किलोमीटरच्या पलीकडून पाणी येतं, तानसा वैतरण्याचं पाणी बहुतेक उतारानेच येतं, भातसाचं पाणी पिसेला पंपाने उचलावं लागतं, म्हणूनच पिसेची लाईट गेली की दुसऱ्या दिवशी अर्ध्या मुंबईत पाणी कमी येतं. रोज जवळजवळ चार हजार दशलक्ष लिटर पाणी या शहराला पोचवणं ही साधी गोष्ट नाही. मी भांडुप कॉम्प्लेक्सच्या जवळ राहतो, तिथे काय प्रमाणात पाणी शुद्ध होतं ते माहीत आहे, तिथल्या लोकांबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

मग गारगाई धरणावर सत्र झालं, त्यातून ४४० दशलक्ष लिटर मिळणार, मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प, त्यातून सुरुवातीला २०० दशलक्ष लिटर. स्काडावर, म्हणजे पंप आणि चाव्या कॉम्प्युटरवरून बघायच्या यंत्रणेवर झालं, ऑटोमॅटिक मीटरवर झालं, गळती शोधायच्या मशीनवर झालं. ते गळतीचं मला फार आवडलं. माझे मामा पाणी खात्यात चावीवाले होते, म्हणजे रस्त्याखालच्या लाईनच्या चाव्या उघडायचे बंद करायचे, रात्री दोन वाजता रस्ता शांत झाला की लोखंडी रॉड पाईपवर टेकवून दुसरं टोक कानाला लावायचे आणि जमिनीखाली पाणी कुठे सू सू करतंय ते सांगायचे. आता तेच काम मशीन करतं, कानाला हेडफोन, हातात स्क्रीन. मशीन हातात घेऊन बघितलं, बरं वाटलं, मामा असते तर त्यांना घेऊन गेलो असतो.

पण साहेब, दोन दिवस मी एकाच गोष्टीची वाट बघत होतो आणि ती आलीच नाही. पाणी भांडुपहून निघतं तेव्हा चांगलं असतं, जलाशयातून निघतं तेव्हा चांगलं असतं, रस्त्याखालच्या मोठ्या मेनमध्येही बहुतेक वेळा चांगलंच असतं. ते खराब होतं ते मेनपासून तुमच्या आमच्या घरातल्या नळापर्यंतच्या शेवटच्या पन्नास शंभर फुटांत. आणि या पन्नास फुटांवर दोन दिवसांत एकही भाषण नाही. कारण ही लाईन धड कोणाचीच नाही. मेनपासून पुढची लाईन ग्राहकाची, टाकायची आणि सांभाळायची त्याने, आणि ग्राहकाला ती कुठून जाते तेही माहीत नसतं. माहीत असतं प्लंबरला. आणि प्लंबर त्या हॉलमध्ये, मी जेवढी चौकशी केली त्यावरून, मी एकटाच होतो.

आता हे खराब कसं होतं ते सांगतो, कारण शिकलेल्या लोकांनाही मी हे समजावून दमलोय. मुंबईत पाणी चोवीस तास नाही, दोन तास, तीन तास, कुठे दीड तास. पाणी चालू असतं तेव्हा पाईपमध्ये आतून बाहेर जोर असतो, भोक असलं तर पाणी बाहेर गळतं. चावी बंद झाली की पाईप रिकामा व्हायला लागतो, खालच्या घरांचे नळ राहिलेलं पाणी ओढतात आणि पाईपमध्ये ओढ तयार होते, स्ट्रॉने शहाळं ओढतो तशी. मग त्याच भोकातून बाहेरचं आत येतं. आता पाईप जर गटारातून गेलेला असेल तर बाहेर काय आहे ते वेगळं सांगायला नको. त्यात कोणी लाईनवर डायरेक्ट मोटर लावली असेल तर विचारूच नका, ती मोटर पाणी कमी आणि गटार जास्त ओढते, आणि ओढते ती शेजाऱ्याच्या पाईपमधूनही. दुसऱ्या दिवशी पाणी आलं की पहिली पाच दहा मिनिटं गढूळ, वास येतो, लोक दोन बादल्या ओतून देतात आणि मग भरतात. सगळ्या मुंबईला ही सवय आहे.

माझ्याकडे पाऊण इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपचा एक वीतभर तुकडा आहे. एका चाळीतली लाईन बदलताना कापून काढला होता, नेहमी भंगारात देतो पण हा ठेवला, आणि परिषदेला पिशवीतून घेऊन गेलो होतो. बाहेरून बघितलं तर काळा पडलेला, खवले निघालेले, गटारात वीस पंचवीस वर्षं राहिला की जस्ताचा मुलामा कुठे राहतोय. एका टोकाने आत बघितलं की गंजाच्या गाठीच गाठी, लाल तपकिरी, मधलं भोक जेमतेम पेन्सिल जाईल एवढं. आणि उजेडाकडे धरून हळूहळू फिरवला की एका जागी, चुडीच्या म्हणजे सांध्याच्या आट्यांच्या जवळ, टाचणीच्या डोक्याएवढा उजेड दिसतो. बस तेवढंच ते भोक, पाणी चालू असताना त्यातून बारीक चिळकांडी उडते आणि गटारातच पडते, कोणाला दिसत नाही, आवाज नाही, तक्रार नाही.

ही चाळ भांडुपच्या डोंगराकडची. चार वर्षांपूर्वीची गोष्ट, जुलैचा महिना, शेवटच्या चार खोल्यांत एकापाठोपाठ एक पाच जणांना कावीळ झाली, त्यात एक सातवीतली मुलगी. सगळे म्हणत होते बाहेरचं खाल्लं असेल, वडापाव, पाणीपुरी. त्या मुलीच्या आजीने मला बोलावलं, म्हणाली भाऊ एकदा पाणी बघ रे, आमच्या घरात कोणी बाहेरचं खात नाही, माझा तर उपासाचा महिना चाललाय. माझ्याकडे ओटीची बाटली असते, तपासायच्या नळीत थोडं पाणी घेऊन दोन चार थेंब टाकायचे, पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. चाळीच्या तोंडाशी पहिल्या नळाला पिवळं झालं. मधल्या नळाला फिकं. शेवटच्या चार खोल्यांत काहीच नाही, पाणी जसंच्या तसं. म्हणजे मधे कुठेतरी घाण आत येत होती आणि क्लोरीन तिलाच मारता मारता संपत होता. पिण्याच्या पाण्याचं जे सरकारी मानक आहे, आयएस १०५००, त्यात नळाला लिटरमागे कमीत कमी ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असं आहे, आणि शंभर मिलिलिटर पाण्यात एकही कोलिफॉर्म जंतू सापडता कामा नये. आजीला यातलं काही माहीत नव्हतं, पण संशय तिलाच आला.

दुसऱ्या दिवशी पाणी सुटायच्या आधी गटारावरच्या लाद्या काढल्या. अकरा पाईप, एकमेकांना चिकटून, सुतळीने बांधलेले, गटाराच्या तळाशी लोळत होते. कोणाचा पाईप कुठला ते शोधण्यात अख्खी सकाळ गेली. ज्याने कोणी टाकले त्याचा रस्ता खोदायचा खर्च वाचला असेल, लोकांनीही स्वस्तात मिळालं म्हणून टाकून घेतले असतील, आज कोणाला बोल लावून काय उपयोग. आम्ही चार खोल्यांची लाईन गटाराच्या वरून, भिंतीच्या कडेने, क्लॅम्प मारून नेली, नवीन पाईप टाकला, आणि त्यानंतर शेवटच्या खोलीत ओटी पिवळी आली. आजी ती पिवळी झालेली नळी हातात धरून बराच वेळ बघत होती. मुलगी बरी झाली पण तिचे अडीच महिने शाळेचे गेले.

म्हणून तो तुकडा घेऊन गेलो होतो. पहिल्या दिवशी गळतीच्या सत्रानंतर प्रश्न विचारायला हात वर केला, वेळ संपली होती, माईक माझ्यापर्यंत आला नाही. दुसऱ्या दिवशी सांगण्यात आलं की प्रदर्शनाच्या पासवर सत्राला बसता येत नाही, डेलिगेट फी भरावी लागेल, आणि ती फी माझ्या चार पाच दिवसांच्या कमाईएवढी. मी भांडलो नाही, त्यांचाही नियम असेल. पण एक तरुण इंजिनियर मॅडम, विदर्भाकडच्या एका नगरपरिषदेत काम करतात म्हणाल्या, चहाच्या टेबलाशी त्यांनी विचारलं काका पिशवीत काय आहे. दाखवला. त्यांनी तो पाईप ट्यूबलाईटकडे धरून फिरवला, ते भोक सापडलं, आणि म्हणाल्या आम्ही याच्यावर मॉडेल करतो पण हातात पहिल्यांदा घेतला. मग दहा मिनिटांत पंधरा वीस जण जमा झाले, पाईप हातोहात फिरला, नाशिकच्या एका साहेबांनी फोटो काढले, कोणी विचारलं सांधा कसला होता, कोणी विचारलं लाईन किती वर्षांची. साहेब, त्या लोकांना ऐकायचं नव्हतं असं नाही. त्यांच्यापर्यंत हे येतच नाही, आणायची सोयच नाही कुठे.

आणखी एक सांगायचं राहिलं, सक्शन टँक. सोसायटीवाल्यांना वाटतं हे चाळीतलं आहे, आमचं काही नाही. मी आजवर शेकडो टाक्या बघितल्या, जमिनीखालची टाकी पार्किंगमध्ये, झाकण जमिनीच्या बरोबरीला, पावसात गाडीच्या टायरचं पाणी सरळ आत. एका चांगल्या टॉवरच्या टाकीत उतरलो होतो तर खाली घोट्याएवढा गाळ, कबुतराची पिसं आणि एक लहान मुलाची चप्पल. त्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक घरात पंधरा पंधरा हजारांचे फिल्टर लावलेले. टाकीचं झाकण जमिनीपासून फूट दीड फूट उंच करा, रबर लावा, ओव्हरफ्लोला जाळी बसवा, ड्रेनेजची लाईन टाकीच्या बाजूने गेली असेल तर हलवा, सहा महिन्यांनी टाकी धुवा, एवढंच आहे. हे काम परिषदेतल्या कुठल्याही मशीनपेक्षा स्वस्त आहे.

माझं गाव कराडजवळ. कराडला लागून मलकापूर आहे, तिथे छोट्या नगरपंचायतीने चोवीस तास पाणी सुरू केलं, मीटर बसवले, जास्त वापराल तसा दर वाढत जातो. माझी बहीण तिथे राहते. तिच्याकडे गेलो की मी पहिल्यांदा नळ सोडून बघतो, सवयच आहे धंद्याची. रात्री अकराला सोडा, दुपारी तीनला सोडा, पाणी आहे, आणि पहिल्या धारेपासून स्वच्छ, कारण पाईप कधी रिकामाच होत नाही, आतला जोर कायम आहे, तर बाहेरची घाण आत येणार कुठून. मुंबईत मुलुंड आणि वांद्र्याला असा प्रयोग काही वर्षांपूर्वी हाती घेतला होता, सगळ्या शहरात लगेच होणार नाही हे मलाही कळतं, इथे डोंगर आहेत, झोपडपट्टी आहे, शंभर वर्षांच्या शिसं ओतून जोडलेल्या बिडाच्या लाईनी आहेत. पण तोपर्यंत निदान तो शेवटचा पाईप तरी गटारातून वर काढू या ना.

आता माझं मागणं. अशा परिषदा दर वर्षी कुठे ना कुठे होतात, पुढच्या वर्षी मुंबईत नाही तर पुण्यात नाशिकात होईल. आयोजकांनी त्यात फक्त अर्धा दिवस द्यावा, मराठी हिंदीत, आणि त्या अर्ध्या दिवसाला प्लंबर, चावीवाले, फिटर, पाण्याचे नमुने गोळा करणारे लॅबचे लोक यांना फुकट बोलवावं. चावीवाल्याला सगळ्यात जास्त कळतं. कुठली चावी किती आटे फिरवली की वरच्या टेकडीला पाणी चढतं, कुठली हळू उघडायची कारण एकदम उघडली तर पुढची जुनी लाईन फुटते, हे त्याच्या हातात आहे, कुठल्या नकाशात नाही. मामा रिटायर झाले तेव्हा त्यांच्या जागी आलेल्या पोराने सहा महिने आमच्या घरी येऊन त्यांना विचारून विचारून लिहून घेतलं होतं. मामा गेले, ती वही कुठे आहे माहीत नाही. स्काडा येईल तेव्हा येईल, त्याआधी या लोकांना बोलतं करा आणि लिहून घ्या.

आणि जमलं तर शहापूर तालुक्यातल्या दोन बायकांनाही बोलवा. भातसा, तानसा त्यांच्याच तालुक्यात, मोठमोठे पाईप त्यांच्या गावाशेजारून मुंबईला येतात आणि मार्च एप्रिलपासून तिथल्या पाड्यांवर टँकर. मी तिकडे कामाला गेलोय, हंड्यांची रांग बघितली आहे. आपण इथे पहिल्या दोन बादल्या गढूळ म्हणून ओततो ते पाणी त्यांच्या दारावरून आलेलं असतं, या गोष्टीचा मला खरंच त्रास होतो.

प्लंबरांसाठीही काहीतरी करा. आम्हाला लायसन्स मिळालं की पुढे आयुष्यात कोणी काही शिकवत नाही. नवीन एचडीपीई म्हणजे प्लास्टिकचे पाईप आले, त्याचं वेल्डिंग आम्ही दुकानदाराकडे बघून शिकलो. परिषदेत एका स्टॉलवर मेनला घरची लाईन जोडताना सॅडल म्हणजे मेनवरची पट्टी नीट कशी बसवायची, फेरूल म्हणजे तिथला जोडणीचा तुकडा कसा मारायचा याचं मॉडेल होतं, इतकं छान, मी तिथे तासभर उभा होतो, त्या मुलाने तीनदा करून दाखवलं. असं एक मॉडेल वॉर्डावॉर्डात एक दिवस फिरवलं तर शंभर पोरं शिकतील. आणि त्यांना हेही सांगा की गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी गटारातून लाईन टाकायची नाही. मीसुद्धा सुरुवातीच्या वर्षांत दोन तीन ठिकाणी टाकली आहे, मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं, नंतर जाऊन स्वतःच्या खर्चाने बदलून दिली, एक जागा पुन्हा सापडली नाही ती अजून मनात आहे.

शेवटी तुमच्यासाठी एक विनंती, संपादक साहेब. पावसाळ्यात तुमच्या पेपरात रोज सात तलावांचा साठा येतो, किती टक्के भरले, मागच्या वर्षी किती होते. आमच्या घरात पहिलं तेच पान उघडतात. तसंच महिन्यातून एकदा, कुठल्या वॉर्डात पाण्याचे किती नमुने घेतले आणि त्यातले किती अयोग्य निघाले तेही छापा. पालिकेच्या पर्यावरण अहवालात वॉर्डाप्रमाणे ही टक्केवारी येते, पण वर्षातून एकदा, आणि तो अहवाल चाळीतलं कोण वाचणार. तुम्ही छापलंत तर ती आजी वाचेल, सोसायटीचा सेक्रेटरी वाचेल, आणि आपला वॉर्ड अयोग्य नमुन्यांच्या यादीत वर दिसला की निदान टाकीचं झाकण उघडून बघेल.

परिषदेच्या आयोजकांपैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांनी पेपरमार्फत निरोप द्यावा, मी पाईपचा तुकडा आणि ओटीची बाटली घेऊन स्वतःच्या खर्चाने येईन, सोबत आमच्या भागातले दोन रिटायर चावीवालेही घेऊन येईन, त्यांच्याशी बोलून झालंय, ते तयार आहेत.

आपला,
एक परवानाधारक प्लंबर
भांडुप (पश्चिम), मुंबई